न दुखणारी गाठ

ज्यांच्या मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ आली आहे आणि ती दुखत नाही म्हणून जे निवांत बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मीही असाच निवांत होतो. दुखतं ते वाईट आणि दुखत नाही ते चांगलं, एवढंच शहाणपण मला माहीत होतं, आणि या आजारात ते उलटं पडलं. मी डॉक्टर नाही. मंगरूळपीर तालुक्यात आसेगावला मास्तर आहे. औषधांची नावं आणि मात्रा मला विचारू नका. मी काय केलं आणि काय करायला नको होतं, तेवढं सांगतो. त्यातलं दुसरं जास्त आहे.

•

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष होतं. सकाळी दाढी करताना मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर, बोटाला काहीतरी लागलं. सुपारीएवढं, गुळगुळीत, दाबलं की सरकणारं. बायकोला दाखवलं.

कमलनं बोट लावून पाहिलं. "दुखते का?"

"नाही."

"मंग राहू द्या. जाईन आपोआप."

दोन महिन्यांत एकीच्या तीन झाल्या. सदऱ्याचं वरचं बटण लागेना. संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. गावात अशा गाठींना गंडमाळ म्हणतात आणि गंडमाळ म्हणजे टीबी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वाशीमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. रोज एक सुई, वर मूठभर गोळ्या. महिन्याभरात गाठी खरोखरच लहान झाल्या. बाबांनी ही बातमी वस्तीभर सांगितली, आणि कमलनं त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या केल्या.

पुढच्या महिन्यात गाठी परत आल्या, आधीपेक्षा मोठ्या. औषधानं त्या गेल्याच नव्हत्या. हा आजार कधी कधी आपल्या मर्जीनं असा मागे सरतो, हे मला फार उशिरा कळलं.

•

आता बाबांविषयी सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

बाबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. आले ते वेगळाच माणूस होऊन आले. तीन एकर कोरडवाहूचा मालक, शिक्षण दुसरी, पण वस्तीतली दारू त्यांनी एकट्यानं बंद केली. कुणाच्या घरातून वास आला तर दारात जाऊन उभे राहत. शिवी नाही, मारणं नाही, नुसते उभे राहत. समोरचा शरमून पाणी पाणी होई. दर पौर्णिमेला विहारात पंचशील तेच देत. पहिलं, प्राण्याला मारणार नाही. दुसरं, चोरी करणार नाही. तिसरं, परस्त्रीकडे वळणार नाही. चौथं, खोटं बोलणार नाही. पाचवं, दारूला शिवणार नाही. मी पहिल्या रांगेत बसून त्यांच्यामागून खणखणीत आवाजात म्हणत असे. मास्तरच मी, माझा आवाज मोठाच.

आणि वर्षातून दोन-चार वेळा मी भास्करच्या खळ्यावर जाऊन घेतही असे.

भास्कर गावातल्या पाटलांचा मुलगा, माझा पहिलीपासूनचा सोबती. ज्वारी निघाली, खळं झालं की तो मोहाची आणायचा. पेलाभर, जास्त नाही. मग तोंडात बडीशेप कोंबून मी घरी. त्या वर्षी अर्धा पेला पोटात गेला आणि पाच मिनिटांत मानेतली गाठ दुखू लागली. एरवी मुकी असलेली ती गाठ कुणी मुठीत धरून पिळावी तशी, पार कानापर्यंत. अर्ध्या तासानं थांबली.

"काय झालं बे?" भास्करनं विचारलं.

"लचक भरली." तो हसला.

दीड महिन्यानं पुन्हा घेतली. पुन्हा तेच, तसंच, तेवढाच वेळ. या वेळी भास्कर हसला नाही.

"प्याल्यावरच लचक भरते काय तुले? डॉक्टरले सांग हे."

"काय सांगू? मास्तर दारू पेते म्हनून?"

"डॉक्टर काय तुह्या बाप हाय?"

"बाप सोबत असते ना लेका."

खरं सांगतो, मला ती शिक्षाच वाटली. शाप-नवस खोटे असतात हे पोरांना शिकवणारा मी. आमच्या धम्मात शिक्षा करणारा देवही नाही. तेव्हा ही शिक्षा कोण देतंय, असा प्रश्न पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण डोळे मिटले की दारात उभे असलेले बाबाच दिसायचे.

•

वाशीमच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि नागपूरची चिठ्ठी दिली. बाबा सोबत आले. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही अकरा दिवस काढले. पहाटे उठून रांगेत बसायचं, केसपेपर छातीशी धरायचा, नाव पुकारलं की पळायचं. कुणी काही सांगत नसे आणि विचारायची छाती होत नसे. मानेतली वरची, हाताला सहज लागेल अशी एक बारीक गाठ कापून तपासायला पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं की नुसती सूज आहे.

बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तिथल्या मोठ्या डॉक्टरांचं समाधान झालं नाही. किडकिडीत माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला. मग एकामागून एक प्रश्न. ताप येतो? येतो. घाम? अंथरूण भिजतं. खाज? सुटते. वजन? सगळी उत्तरं मी खरी दिली.

"दारू घेता का? घेतल्यावर गाठ दुखते का? विचारतो एवढ्यासाठी, की काही थोड्या लोकांना..."

"आमच्या घरात दारूले कोनी शिवत नाई, सायेब," बाबा म्हणाले. टोपी हातात धरून ते माझ्या डाव्या बाजूला उभे होते.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुम्ही सांगा."

चहा घेता का, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात विचारलं होतं त्यांनी. त्यात दोष देणं नव्हतं. आणि त्या अर्ध्या वाक्यातून मला लख्ख कळलं, की माझं दुखणं ही शिक्षा नाही, या माणसाच्या ओळखीची खूण आहे. तो तीच शोधतो आहे.

"नाही," मी म्हणालो. "मी घेत नाही."

त्यांनी लिहून घेतलं. अजून तीन महिने टीबीचंच औषध चालू ठेवा, गाठ वाढली तर लगेच या, म्हणाले. परतताना एसटीत बाबा खुशीत होते. शेंगदाणे सोलून माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "सायेब हुशार हाय. पन त्याले आपल्या घरची काय मायती?"

मी शेंगदाणे खाल्ले.

•

ते तीन महिने आठवले की अजूनही अंगावर काटा येतो. रात्री बनियन पिळून निघावं इतकं भिजायचं. कमल उठून दुसरं द्यायची, भिजलेलं दोरीवर टाकायची. आमची सुजाता दोन वर्षांची होती. ती माझ्या मानेवर हात ठेवून गाठी मोजायची, आणि तिला येत होते तेवढे आकडे पुरेनात. पँट कमरेला दोरीनं बांधून मी शाळेत जात होतो. हेडमास्तर म्हणाले, खुर्चीत बसूनच शिकवा. तेव्हा मी ओळखलं की मी कसा दिसतो आहे.

जाऊन सांगून टाकावं, असं रोज सकाळी ठरवायचो. बाबा चुलीपाशी बसून माझ्यासाठी दूध तापवत असायचे. ते पेला पुढे करायचे आणि माझं तोंड शिवलं जायचं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, पण माझ्याकडे तर फक्त विहीरच होती आणि तिच्या काठावर मी स्वतःच्या पायांनी चाललो होतो.

तिसऱ्या महिन्यात भर दुपारी मी भास्करच्या शेतावर गेलो आणि मागितली. तो देईना.

"मरतं काय बे?"

"पाहू दे मले. फक्त दोन घोट."

दोनच घोट घेतले. मान दुखू लागली, ते ठरलेलंच होतं. मी वाट पाहत बसलो. मग बेंबीच्या मागे, खोल, पाठीच्या कण्याला लागून कुणी चिमटा धरला. तो आवळत गेला. मी पोट धरून ढेकळांत आडवा झालो. नागपूरच्या यंत्रांना जे दिसलं नव्हतं, ते मोहाच्या दोन घोटांनी दाखवलं. गाठी खाली उतरल्या होत्या. हे त्या क्षणी जगात एकट्या मला ठाऊक होतं.

भास्करनं उरलेली बाटली मातीत ओतली. "आता तू सांगतं का मी सांगू?"

•

आधी कमलला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला, पुन्हा चालू झाला.

"माह्यापासून लपवलं, ते मी पाहून घेईन मंग," ती म्हणाली. "पन डॉक्टरपासून? सुजाताले बाप पाह्यजे, देवमानूस नको."

मी, कमल आणि बाबा नागपूरला गेलो. बाबांना बाहेर बसा म्हणायचं मनात घोकत गेलो होतो. दारापाशी ते नेहमीसारखे माझ्याआधी आत शिरले, आणि मला म्हणता आलं नाही. मग तसंच बोललो, डॉक्टरांच्या टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे पाहत.

"साहेब, मागच्या वेळी मी खोटं बोललो. मी घेतो. घेतली की गाठ दुखते. आता पोटातही दुखते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "केव्हापासून?"

"वर्ष होईल."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बाबांकडे पाहायची माझी हिंमत नव्हती. फक्त त्यांच्या हातातल्या टोपीची घडी होताना आणि उलगडताना दिसत होती.

या वेळी खोलवरची मोठी गाठ काढली, आणि नाव कळलं. लिम्फोमा. गाठींचा कॅन्सर, त्यातला एका जुन्या इंग्रज डॉक्टरच्या नावानं ओळखला जाणारा प्रकार. मोठ्या डॉक्टरांनी मला आणि कमलला बसवून केसपेपरच्या मागे माणसाचं चित्र काढलं आणि छाती-पोटाच्या मध्ये आडवी रेघ ओढली. "गाठी या रेघेच्या वर असत्या, तर नुसता कोबाल्टचा शेक देऊन आपण प्रयत्न केला असता. शेक म्हणजे अदृश्य किरण, चटका लागत नाही. पण रेघेच्या खाली गेल्या की एका जागी शेकून भागत नाही. मग रक्तातून सगळीकडे जाणारं औषध द्यावं लागतं. सुया आणि गोळ्या, सहा फेऱ्या. केस जातील, उलट्या होतील. पुढे मूल होणं अवघड. आणि बरं वाटेलच असं मी लिहून देत नाही."

"मागच्या वेळी रेघेच्या वर होतं का?" कमलनं विचारलं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "ते आता सांगता येणार नाही, ताई."

मी कमलकडे पाहिलं नाही. तिला अजून एक मूल हवं होतं. ते तिनं त्यानंतर कधीही बोलून दाखवलं नाही, आणि ते न बोलणं आमच्या घरात आजही आहे.

•

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाणी द्यायचे, उशी सरकवायचे, सगळं तोंड फिरवून. तिसऱ्या दिवशी वॉर्डातली जेवणं झाल्यावर खाटेच्या कडेला बसले.

"पाचवं मोडलं तू, ते मले समजलं. मानूस हाय, घसरते. पन चौथं काहून मोडलं?"

मी चादर वर ओढली.

"पाचवं मोडलं म्हनून तुले रोग दिसला. चौथं मोडलं म्हनून तो पोटात गेला. मी तुले दोन्ही शिकवले होते का फक्त पाचवंच?"

"तुमीच आधी बोलले, बाबा. सायेबांनं मले इचारलं होतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "हो. मीच बोललो." आणि माझ्या पायांवरची चादर नीट केली.

•

उपचारांचं थोडक्यात सांगतो, कारण ज्याच्यावर वेळ येईल त्याला ते कळेलच. पहिल्या सुईनंतर तासाभरात उलट्या सुरू झाल्या आणि संध्याकाळपर्यंत पोटात काही उरलं नाही तरी थांबल्या नाहीत. तिसऱ्या फेरीपर्यंत अशी गत झाली की दवाखान्याचा फिनेलचा वास फाटकातच आला तरी मी ओकायचो. केस उशीवर राहिले. गोळ्या सुरू असताना दारूचा थेंब चालत नाही, अपाय होतो, असं डॉक्टर सांगू लागले तेव्हा बाबा कधी नव्हे ते हसले. "आता औषधच शील पाळून घेते," म्हणाले.

शेजारच्या खाटेवर माझ्याच आजाराचा एक विणकर होता. त्याला माझ्याआधी महिनाभर सुया सुरू झाल्या होत्या. त्याच्याकडे पाहून मला पुढचा महिना कसा जाणार ते कळायचं, म्हणून मी रोज त्याच्याकडे पाहायचो. चौथ्या फेरीला गेलो तर त्याची गादी गुंडाळून ठेवली होती. मी परिचारिकेला काही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून झोपलो.

चांगलंही घडलं, तेही सांगायला हवं. त्याच परिचारिकेनं लिंबाची फोड मीठ लावून जिभेखाली ठेवायला शिकवलं, त्यानं थोडं थांबायचं. एसटीचे कंडक्टर माझं डोकं पाहून पुढची जागा रिकामी करून देत. भास्कर दर फेरीच्या आधी घरचं तूप घेऊन यायचा आणि बाबांच्या नजरेला नजर न देता ओट्यावर ठेवून जायचा. पाचव्या वेळी बाबांनी त्याला हाक मारून आत बसवलं आणि चहा दिला.

सहा फेऱ्या झाल्या, वर मानेला शेक झाला. आज त्याला दोन वर्षं होतील. दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायला जातो. डॉक्टर पोट दाबून पाहतात आणि म्हणतात, "आत्ता तरी काही लागत नाही." त्यांनी 'आत्ता' हा शब्द कधीच गाळलेला नाही. दाढी करताना मी ब्रश फिरवण्याआधी मान चाचपतो. ज्यांना हे व्हायचं आहे, त्यांना खोटा धीर मी देणार नाही. ही भीती जात नाही, घरातल्या माणसासारखी राहते.

•

आता आसपासच्या गावांतून लोक येतात. मास्तर वाचला म्हणून विचारायला. प्रत्येक गाठ ही नसते, बहुतेक वेळा नसतेच, हे मी आधी सांगतो. दारूनं दुखणं तर फार थोड्यांना होतं. दुखलं नाही म्हणजे सुटलो असं नाही, हेही सांगतो. माझं काम एवढंच, की डॉक्टरांकडे जाताना माणसानं सगळं बरोबर न्यावं, लाजही.

मागच्या महिन्यात धनजहून एक जण आला. तिशीचा, सदऱ्याचं वरचं बटण उघडं. सोबत बायको आणि थोरला भाऊ. भाऊच बोलत होता. ताप केव्हापासून, औषध कोणाचं, सगळं तोच सांगत होता, आणि आमचा भाऊ सुपारीसुद्धा खात नाही, असंही त्यानं दोनदा सांगितलं.

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. आता त्यांना उठायला त्रास होतो. काठी टेकवून ते उभे राहिले आणि आत आले.

"चाला, आपन बाहेर बसू," ते त्या भावाला म्हणाले. "तू बी ये, पोरी. त्यायले बोलू द्या."

"पन मी सांगून राह्यलो ना, बाबा," भाऊ म्हणाला.

"म्हनूनच म्हनतो, चाल."

त्यांनी दोघांनाही बाहेर नेलं आणि दार स्वतः ओढून घेतलं. आत आम्ही दोघंच उरलो. घेतोस का, घेतल्यावर दुखतं का, मी विचारलं. तो जमिनीकडे पाहू लागला.

"मी घेत होतो," मी म्हणालो. "मले मानेत दुखे. मी सांगितलं नाई, अन् ते पोटात गेलं. तू सांग."

बाहेर बाबांच्या खोकल्याचा आवाज आला. त्यानं दाराकडे पाहिलं. मग हात उचलला. मला वाटलं तो मानेकडे नेईल. त्यानं तो पाठीमागे, कमरेच्या वर, कण्यावर ठेवला.

"मानेत नाई दुखत, मास्तर," तो म्हणाला. "मले इथं दुखते."